माझी आई आणि सारख्या उच्चारांचे शब्द

माणिकपूरच्या रस्त्यावर एका नव्या दुकानाची पाटी रंगवून नुकतीच टांगली होती. ऑईलपेंटचा ओला, उग्र वास येत होता. ‘स्टेशनरी’मध्ये ‘ई’ हवा तिथे ‘ए’ पडला होता, म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानाऐवजी न हलणारं काहीतरी. शेजारून जाणारी दोन कॉलेजातली मुलं फिदीफिदी हसली. मला हसू आलं नाही. असं हसणं मी एकदा पुरेपूर हसून घेतलं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांडोरला आमची केळी-भाजीची वाडी होती आणि ती आई एकटी कसायची. बाबा नोकरीसाठी मुंबईला जात. आई चांदीप गावची, सातवी शिकलेली. माहेरी ‘पानी’ म्हणणारी, मराठी शाळेतल्या मास्तरांनी ‘पाणी’ म्हणायला लावलेली. म्हणजे दुसऱ्यांची भाषा शिकण्याचा एक फेरा तिने आधीच पुरा केला होता. मला मात्र तिने हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. एकदा मला ताप आला, तेव्हा रजेचा अर्ज तिने स्वतः इंग्रजीत लिहिला. बाईंनी तो वर्गात मोठ्याने वाचला आणि वर मराठीत अर्थही सांगितला. आईने ‘अशक्त’साठी लिहिलेल्या ‘वीक’च्या स्पेलिंगचा अर्थ होत होता आठवडा, आणि ‘रजे’साठीच्या ‘लीव्ह’चा अर्थ जगणं. “माझी मुलगी आठवडा आहे, तिला दोन दिवस जगू द्या.” वर्ग हसून लोळला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, कारण तसं हसलं की अर्ज लिहिणारी माझी कुणी लागत नाही असं वाटे.

घरी येऊन मी सांगून टाकलं, की यापुढे अर्ज बाबाच लिहितील. आईने कारण विचारलं, मी ते सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, “तू पन हसलीस?”

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत शाळेत आली, थेट वर्गाच्या दारात. वाडीतली माती अजून तिच्या टाचांना होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. ती शांतपणे म्हणाली, “बाई, माजं चुकलंय. पन हसून झालं असंल तर बरोबर शब्द लिहून द्या.”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी दोन्ही जोड्या फळ्यावर लिहिल्या, आईने त्या अर्जाच्या पाठीमागे उतरवून घेतल्या. मग तिने विचारलं, की बोलताना हे इतके सारखे, तर लिहिताना ओळखायचे कसे? बाई म्हणाल्या, पाठच करावे लागतात.

“म्हंजे तुमीपन पाठच केलंत,” आई म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर माझा एकही अर्ज तिने बाबांना लिहू दिला नाही. जुन्या चुका गेल्या, नव्या आल्या. प्रत्येक चूक ती विचारून घ्यायची, खाली मान घालून मात्र कधीच नाही. भाषा ही कुणाच्या घरची ठेव नसते, हे मी व्याकरणाच्या पुस्तकात शिकले नाही.

पुढे मी कॉलेजात गेले तोवर वाडी विकली गेली होती, तिथे इमारतीचा पाया खणत होते. प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे बाबा ‘गृहिणी’ लिहायला निघाले, तर तिने पेन काढून घेतलं आणि ‘फार्मर’ लिहिलं. ‘ए’च्या जागी ‘ओ’ पडला. मी हळूच सांगितलं, की याचा अर्थ ‘माजी’ होतो, पूर्वी असलेली. वाडी गेल्यावर ते खरंच होतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

आईने खिडकीतून बाहेर पाहिलं. मग ‘ओ’ खोडला आणि वर ठसठशीत ‘ए’ काढला. “मी माजी नाय,” ती म्हणाली, “शेतकरीनच हाय.”

आता तिथे सात मजले उभे आहेत, केळीचं एक पानही दिसत नाही. कॉलेजच्या कुठल्याशा कपाटात तो फॉर्म पिवळा पडत असेल. त्यावरची खाडाखोड आईच्या हातची आहे, आणि ती बरोबर आहे.