गोळी थांबवायची वेळ सांगणारे अप्पा

काशिनाथअप्पांची आणि माझी पहिली भेट वालूरच्या त्यांच्या औषध दुकानात झाली, आणि त्या भेटीत मी नापास झाले. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन मी नुकतीच गावी परतले होते. प्रशिक्षणाचे तीन महिने कुठेतरी काढायचे होते. नुकतीच पूजा आटोपून आलेले, कपाळी भस्माचे पट्टे असलेले अप्पा गल्ल्यामागे बसले होते. त्यांनी माझी गुणपत्रिका न पाहताच बाजूला ठेवली आणि डॉक्टरांची एक चिठ्ठी माझ्यापुढे केली. मी औषधांची नावं, मात्रा, वेळा भराभर वाचून दाखवल्या.

"दिवस किती, ते वाचलं न्हाईस, पोरी," अप्पा म्हणाले.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'पाच दिवस' असं लिहिलेलं होतं. मला वाटलं होतं, औषध ओळखलं की काम झालं. ते कधी थांबवायचं हाही औषधाचाच भाग असतो, हे अप्पांनी शिकवलं. पुढे मी ग्रामीण रुग्णालयात नोकरीला लागले, लग्न होऊन परभणीला आले. तरी गोळ्या हातात ठेवताना आजही आधी दिवस सांगते.

अप्पा यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी त्यांच्या सचोटीबद्दल लिहावं, असं संपादकांनी सुचवलं. सचोटीचं मला आठवतं ते एकच उदाहरण, आणि ते माझ्या घरातलं आहे.

माझ्या आईचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळीसोबत पोटाला त्रास नको म्हणून आम्लपित्ताची एक गोळी दिली होती, पंधरा दिवसांसाठी. गुडघ्यांचं दुखणं कमी झालं, ती गोळी बंद झाली. पोटाची मात्र राहिली. ती घेतली की ठेचा बाधत नाही, असं आईच्या लक्षात आलं होतं. देवाला दिवा लावायचा, गोळी घ्यायची, मग चहा, असा तिचा नेम ठरून गेला. शेजारणीची छाती जळजळली की आई आपल्यातली एक काढून द्यायची. पाकीट संपलं की अप्पांच्या दुकानातून नवं यायचं. अशी नऊ वर्षं गेली. माहेरी गेले की देवळीतलं ते पाकीट मला दर वेळी दिसायचं. औषधांच्या कपाटापाशी आयुष्य काढणारी मी, पण ते मला आईच्या घरातलं एक सामान वाटायचं, हळदीच्या डबीसारखं. याची टोचणी अजून जात नाही.

एका बाजाराच्या दिवशी आई दुकानात गेली ती एकाच पायात चप्पल घालून. बाकड्यावरच्या कुणीतरी विचारलं, मावशी, दुसरी बाजाराला इकली का? सगळे हसले. आईही हसली, आणि मग तिने खाली पाहिलं. चप्पल वाटेत कुठे निसटली, हे तिला कळलंच नव्हतं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी तिला आत बसवून घेतलं, पायांना मुंग्या कधीपासून येतात ते विचारलं आणि लगेच मला फोन केला. "आईला परभणीच्या डॉक्टरकडं ने. बी-बारा तपासा म्हणावं. अन् ही गोळी नऊ वर्षं चालू हाय, हे आपण होऊन सांग. ते इचारायची वाट बघू नको."

तपासणीत बी-बारा फारच कमी निघालं. डॉक्टरांनी सगळं गोळीच्या माथी मारलं नाही. आई शाकाहारी, वय झालेलं, तीही कारणं होतीच. पण अन्नातलं हे जीवनसत्त्व सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ते वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर काहींच्या शरीराला ते पुरेसं मिळत नाही, असं त्यांनी समजावलं. काहींचं मॅग्नेशियम उतरतं, हाडं कमजोर होऊ शकतात, आतड्याचे संसर्ग होऊ शकतात. सगळ्यांना होतं असं नाही, म्हणून तर अधूनमधून कुणीतरी विचारायला हवं की गोळीची गरज अजून उरली आहे का. मी एकच विचारलं, पायांची जाणीव परत येईल ना? इंजेक्शनं सुरू करू, पण पूर्ण येईलच असं आज सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा वालूरच्या आमच्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, चिठ्ठीवर पंधरा दिवस व्हते," ते आईला म्हणाले. "पोरीला मीच शिकवलं दिवस वाचायला. अन् तुम्हाला नऊ वर्षं पाकिटं देत ऱ्हायलो. चूक माझी हाय."

आईने चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "गोळी तुमी दिली अप्पा, पण तोंड तर माझंच व्हतं की. बसा आता, च्या घ्या."

तेव्हा कुठे अप्पा बसले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू कमी करायची होती. तशी ती केल्यावर सुरुवातीचे काही आठवडे जळजळ उलट वाढली. आई चिडायची, पाकीट मागायची. अप्पा एक दिवसाआड संध्याकाळी येऊन बसत. आम्ल बरेच दिवस दाबलेलं असतं, ते उसळतं, पुन्हा खाली बसतं, असं तिला सांगत. त्यांच्यादेखत ती दिवस मावळायच्या आत जेवायला लागली. ठेचा मात्र तिने पूर्ण सोडला नाही, आणि अप्पांनी तसा आग्रहही धरला नाही.

त्यानंतर दुकानात एक नवी रीत सुरू झाली. कुणी पोटाची गोळी मागितली की अप्पा विचारतात, कुणी दिली, कधीपासून घेता, दुसरं काय चालू आहे. काही महिन्यांपासून चालू असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवतात. गिऱ्हाइकं वैतागतात. हे दुकान हाय का पोलीस ठाणं, असं त्यांना तोंडावर ऐकवून समोरच्या दुकानात जाणारेही आहेत.

पण आईची हकीकत ऐकून झरी गावच्या एका निवृत्त गुरुजींनी आपली पोटाची गोळी परस्पर बंद केली. त्यांना रक्त पातळ ठेवायचं औषध चालू होतं आणि पूर्वी पोटात रक्तस्राव होऊन गेलेला होता. कळताच अप्पा बसने झरीला गेले. तुम्हाला ही गोळी लागते, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका, असं गुरुजींना बजावून आले. ज्याला औषध हवं त्याला ते मिळालंच पाहिजे, हाही त्यांच्या विचारण्याचाच भाग आहे.

हा लेख लिहायला घेतला आणि माझा हात अडखळला. गौरवग्रंथात गौरवमूर्तींची चूक कशी लिहायची? शेवटी दुकानात जाऊन त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "तेच लिही. बाकी समदं दुसरे लिहितील. वाचून एकानं जरी घरचं पाकीट बघितलं अन् डॉक्टरला इचारलं, तरी लय झालं."

आईच्या उजव्या पायाला आता जमीन नीट कळते. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, कदाचित तशीच राहतील. अप्पांच्या सत्काराच्या दिवशी व्यासपीठाच्या पायऱ्या ती कुणाचा हात न धरता चढणार आहे, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. मी मागे उभी असेन.

अप्पांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचं जेवण त्यांना गोड लागो, झोप शांत लागो. औषधांची गरज पडलीच तर ती हवे तितकेच दिवस पडो; आणि त्यांनी आम्हा सगळ्यांचे दिवस मोजले, तसे त्यांचेही मायेने मोजणारं माणूस सदैव त्यांच्याजवळ असो.