पाचव्या गाण्यातली म्हातारी

ताईला झटका आला तेव्हा ती फोनवर माझ्याशीच बोलत होती. ती अकोल्याला जुन्या शहरात, मी अमरावतीला. विषय तिचा आवडता, नात्यातल्या एका मुलीची सोयरीक. “पोरगा शेंदूरजनाघाटचा हाय, घरी संत्र्याचा बगीचा हाय, माय थोडी तोंडाची तिखट हाय, पन...” इथपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं रेंज गेली. दोनदा हॅलो म्हणालो, परत फोन लावला, कोणी उचलला नाही, म्हणून मी चहा प्यायला गेलो. तो चहा मी पूर्ण प्यायलो, हे मला अजून आठवतं.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कोणाची मामेसासू कोणाची चुलत आत्या लागते हे जी बाई भाजी निवडता निवडता चार पिढ्या मागे जाऊन सांगायची, तिच्याकडे दोनच शब्द उरले: “तेच तं.” पाणी हवं, तेच तं. पाय दुखतो, तेच तं. मला दारात पाहून चेहरा उजळायचा, तरी तेच तं. आपण बोललेलं तिला थोडंफार कळत असेल, पण किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी दर रविवारी सकाळच्या एसटीने जायचो आणि संध्याकाळी परतायचो. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलायचं ते मनात जुळवत बसायचो. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं मुलांना लेथ शिकवली. बोलण्याचं काम घरात ताईचं होतं, माझं ऐकण्याचं. आता तिच्या पलंगाशी बसलो की दहा मिनिटांत माझं सगळं संपायचं. मग ती माझ्याकडे बघायची आणि मी पंख्याकडे.

बोलणं परत यावं म्हणून एक मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी सुचवलं की लहानपणची गाणी ऐकवा, बोलता न येणाऱ्या काहींना गाता येतं. मला लगेच भुलाबाईची गाणी सुचली. ताई गल्लीतल्या पोरींची पुढारी होती, शंभर गाणी तिला यायची. मोबाइलवर शोधली, छोटा स्पीकर जोडला आणि लावली.

पहिल्याच ओळीला तिचे डोळे चमकले. चाल तिने बरोब्बर पकडली. पण तोंडातून शब्द निघाले ते “तेच तं, तेच तं.” ते तिलाच ऐकू आलं. तिने परत सुरुवात केली, परत तेच. तिसऱ्या वेळी ती रडायला लागली आणि डाव्या हाताने गादीवर बुक्क्या मारू लागली. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, धावत आले. “बंद कर ना बावा ते!” मी घाईत स्क्रीनवर कुठेतरी बोट मारलं. भुलाबाई थांबली आणि मी आदल्या दिवशी ऐकत होतो ते सुरू झालं.

ते काय होतं हे सांगायला हवं. दोन-तीन वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या स्टोअररूममध्ये मोबाइलवर बासरी लावून काम करत होतो. एक संपलं की फोन स्वतःच्या मनाने दुसरं लावतो, तसा त्याने स्पॅनिश भाषेतला एक रॉकचा अल्बम लावला. मला स्पॅनिश येत नाही. इंग्रजी रॉकही मी कधी ऐकलेलं नव्हतं. पण हातातलं काम थांबलं. एक गाणं दुसऱ्यात कधी शिरतं ते कळत नव्हतं. एकात वरातीच्या बँडसारखी पितळी वाद्यं मुद्दाम जराशी बेसूर वाजत होती आणि खालून गिटार करवतीसारखी चालत होती. एकात फेरीवाल्याची आरोळी होती आणि तिच्याच ठेक्यावर पुढे सगळं गाणं उभं केलं होतं. एवढी मोडतोड करून ही माणसं वस्तू नीट कशी जोडतात, हे कारागीर म्हणून मला चक्रावून टाकत होतं. ताईला मी तेव्हा एकदा ऐकवलं होतं. “काहून ओरडून राह्यले हे? घरात भांडन झालं का यायच्या?” असं म्हणून तिने ते बंद करायला लावलं होतं.

त्या रविवारी ती बंद करायला सांगू शकत नव्हती. पण चेहऱ्यावरून दिसत होतं की सांगायचंही नव्हतं. रडणं थांबलं. तिने मान स्पीकरकडे वळवली आणि तो पाऊण तासाचा अल्बम तिने शेवटपर्यंत ऐकला. भाऊजी दारातच उभे होते. तिथे तिला म्हणण्यासारखं काही नव्हतं, म्हणून चुकण्यासारखंही नव्हतं, असं माझं मीच समजावून घेतलं. खरं काय ते कोणाला विचारणार?

त्यानंतर रविवार सोपे झाले. जेवण झालं की ती डाव्या हाताने स्पीकरकडे बोट दाखवायची. भाऊजींना ते पटत नव्हतं.

“हरिपाठ लाव, नाईतं जुने पिच्चरचे गाने लाव. हे काय लावून देतं? लोक काय म्हनतीन?”

“तिले आवडते, भाऊजी.”

“तुले काय मालूम तिले काय आवडते? तिनं सांगतलं का तुले?”

 याचं उत्तर शेजारच्या खालांनी दिलं. त्या घरी शिवणकाम करायच्या आणि भाऊजींना बाजारात जायचं असलं की ताईजवळ येऊन बसायच्या. काजं-बटणं हातात घेऊनच त्या म्हणाल्या, “भाईसाब, ये सुनते वक्त बाई का हात ढीला रहता. बाकी टाइम मुठ्ठी बंद.” मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. खरंच होतं. इतके रविवार मी समोर बसत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.  पुढे खालांनी सांगितलं की मी भाऊजींच्या मोबाइलमध्ये भरून ठेवलेला अल्बम मधल्या वारी ते स्वतःच स्पीकरवर लावतात, फक्त खिडकी लोटून.

मग पाचव्या गाण्याचं लक्षात आलं. त्याच्या मध्यावर ढोल, गिटार, सगळं एकदम थांबतं आणि एका म्हातारीचा आवाज येतो. ती गात नाही, चार ओळी बोलते, जरा घोगऱ्या आवाजात, मधेच टाळूला जीभ लावून टक् करते. मग वाद्यं परत येतात. ती म्हातारी यायच्या आधी ताई डावा हात वर करायची, तिचं बोलणं संपेपर्यंत तसाच ठेवायची. कोणीही बोलायचं नाही, असा तो हात होता. एकदा भाऊजी “दूध आलं का?” म्हणाले, तर तिने असं पाहिलं की ते दुधाचं विसरले.

त्या अल्बमखाली जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. मी भाषांतराचं बटण दाबून ते वाचायचो. एकाने लिहिलं होतं, बापाच्या टेम्पोत हीच एक कॅसेट होती, आता बाप नाही, टेम्पोही नाही. एका बाईने लिहिलं होतं, परदेशात भांडी घासताना मी हे ऐकते आणि मालकिणीला वाटतं मी रागावले आहे. तिथे आपणही ताईबद्दल लिहावं असं मला फार वाटायचं. लिहायचो आणि खोडायचो. मराठीत लिहिलं की इथल्या इथे डोळे भरायचे, इंग्रजीत केलं की औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसायचं. शेवटी चारच वाक्यं टाकली: माझ्या बहिणीचं बोलणं गेलं आहे. आम्हा दोघांना स्पॅनिश येत नाही. पाचव्या गाण्यात म्हातारी बोलते तेव्हा बहीण हात वर करते. म्हातारी काय बोलते, कोणी सांगेल का?

तीन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा त्या बँडच्याच देशातला होता. मोबाइलने केलेलं त्याचं मोडकं भाषांतर मला जवळजवळ पाठ आहे: ते स्पॅनिश नाही. ती डोंगरातली जुनी भाषा आहे. आमच्यातल्याही बहुतेकांना ती कळत नाही. आम्ही इतकी वर्षं न कळताच ऐकतो. तुमच्या बहिणीला सांगा, ती एकटी नाही.

पुढच्या रविवारी मी हे ताईला सांगितलं. सावकाश, शब्द तोडून, दोनदा सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, “तेच तं.” कळून म्हणाली की नेहमीसारखी म्हणाली, ते मी आजही सांगू शकत नाही. खाला मात्र बटण लावता लावता थांबल्या आणि म्हणाल्या, “हाँ, बरोबर है.”

हे आठ-नऊ महिने चाललं. मग तिला उचलताना भाऊजींच्या पाठीत चमक भरली, ती भरलीच. पुण्याहून माझा भाचा, ताईचा लेक, आला. चांगला मुलगा आहे. त्याने सगळं आधीच ठरवून आणलं होतं: दोघांना पुण्याला न्यायचं, तिथे दिवसभराची बाई ठेवायची, दवाखाना जवळ आहे.

“मामा, तुम्हाला काय वाटतं?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “माझ्याकडे आणली तरी चालेल.”

म्हणालो खरा, पण जोर लावून म्हणालो नाही. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायकोचे गुडघे गेलेले. भाच्याला ते माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तो नुसता “बघू” म्हणाला. ताई आमच्या दोघांच्या मधे पलंगावर होती. तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिच्याकडे दोनच शब्द होते. ते हो म्हणून घ्यायचे की नाही म्हणून, हे आम्हीच ठरवलं असतं.

स्पीकर मी तिच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवला. भाऊजींच्या मोबाइलमध्ये अल्बम होताच, तिथल्या बाईसाठी कुठे दाबायचं ते कागदावर लिहून दिलं.

पुण्याला गेल्यावर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल झाला. भाऊजींनी दबक्या आवाजात सांगितलं, सुनेचं ऑफिस घरूनच असतं, दिवसभर मिटिंगा, आवाज करता येत नाही. त्यात सुनेची चूक काय? मी म्हणालो, मी इकडून लावतो, तुम्ही आवाज कमी करून फोन तिच्यासमोर धरा. मी माझ्या घरी मोठ्या आवाजात पाचवं गाणं लावलं. पडद्यावर ताईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ती नुसती मला शोधत होती.

“काई येऊन नाई राह्यलं इकडं,” भाऊजी म्हणाले. “तू बोलतं तवा आवाज येते. गानं लावलं का बंद पडते.”

भाच्याने मागून समजावलं. माणसाचं बोलणं साफ जावं म्हणून फोन बाकीचा सगळा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतो. म्हणजे माझं बोलणं तिच्यापर्यंत जात होतं, जे तिला कितपत कळतं देव जाणे. आणि जे ती ऐकायची ते वाटेतच गाळलं जात होतं. भाच्याने ती गाळणी बंद करायचं बटण शोधलं, सापडलं नाही. तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला. मग मी ताईला हवापाणी सांगितलं, अमरावतीत ऊन वाढलंय म्हणालो, आणि फोन ठेवला.

दिवाळीत पुण्याला जाऊन आलो. ती बारीक झाली आहे. सून नसताना स्पीकर लावून पाहिला. दुसऱ्या गाण्यातच तिला झोप लागली. गोळ्या बदलल्या आहेत, त्यांनी झोप येते, असं तिला सांभाळणारी बाई म्हणाली. मी शेजारी बसून बाकीचा अल्बम ऐकला आणि बंद केला.

गेल्या महिन्यात घरपट्टीच्या कागदांसाठी अकोल्याला गेलो होतो. घर बंद आहे, किल्ली खालांकडे असते. त्यांनी बसवून चहा दिला. मग मशीनवरचा कपडा बाजूला करून आपला मोबाइल माझ्यापुढे केला. “भाईसाब, वो बाईवाले गाने इसमें डाल देव ना. मशीन पे बैठती तो कान सूने लगते.”

मी अल्बम भरून दिला. पितळी वाद्यांचं गाणं त्यांना सगळ्यात आवडतं, म्हणाल्या, ते पुढे घ्या. मी ते पुढे घेतलं. त्यांनी ते लावून दोन टिपा मारल्या आणि मान न वळवता विचारलं, “बाई कैसी है?”

“ठीक है,” मी म्हणालो, आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो. बसला अजून तासभर होता.