डावा हात

अंबुजाबाई गाणं ऐकायला एका जागी बसत नसत. प्लास्टिकची खुर्ची उचलून त्या हॉलभर फिरत. थोडा वेळ पंख्याखाली, थोडा वेळ दाराशी, मग मागच्या भिंतीला पाठ टेकून. प्रत्येक ठिकाणी मान किंचित तिरकी करून ऐकत आणि खुर्ची पुन्हा उचलत.

चेन्नईत वेस्ट मांबलमला मी राहायला गेले तेव्हा समोरच्या फ्लॅटच्या उघड्या दारातून मला पहिल्यांदा दिसलं ते हेच. मी जिन्यात आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर त्या बाहेर आल्या. "तूं मराठी की? आम्ही पण. तंजावूरचे." मी त्यांना काकू म्हटलं. "काकू नक्को," त्या म्हणाल्या. "इथें सगळे मामी म्हणतात. तूंही म्हण." त्यांची मराठी माझ्या पणजोबांच्या वेळची होती आणि तिचा सूर तमिळ होता. पहिले काही दिवस मला त्या भांडतायत असंच वाटायचं.

भांडण चाललं होतंच, पण माझ्याशी नव्हे. त्यांचे यजमान रामचंद्रराव मृदंग वाजवायचे. फार नावाजलेले नव्हेत, पण संगीतसभांमधून गवयांच्या साथीला बसायचे आणि घरी शिकवायचे. उतारवयात त्यांनी आपल्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून आणल्या आणि त्या ऐकण्यासाठी एक अँप्लिफायर आणि पुस्तकाच्या कपाटात मावतील असे दोन छोटे स्पीकर घेतले. सगळं स्वतः जोडलं. मग ऐकलं. मृदंगाचं डावं तोंड, ज्याला तिथे तोप्पी म्हणतात, त्याचा खोल घुमारा त्या आवाजात नव्हताच. माझा डावा हात पहिल्यापासून अधू होता, मला कुणी सांगितलं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. महिन्याभरात शिष्यांना दुसरीकडे पाठवलं. मृदंग खोळीत गेला.

"मी सांगटलें, तसें नाहीं. मी समोर बसून ऐकलेंय," मामी मला म्हणाल्या. "तर म्हणाले, तुला काय कळतें. मला राग-ताल नाहीं कळत. पण मनुष्य दोन हातांनीं वाजवीत होता, एवढें कळतें की."

रामचंद्रराव हे मत न बदलताच गेले. मामी मात्र वाद सोडायला तयार नव्हत्या. विमा कंपनीत आयुष्यभर नोकरी केलेल्या त्या बाईनं स्पीकरचा अभ्यास सुरू केला. नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या शोकेसमधून स्पीकर काढून दोन लाकडी स्टुलांवर ठेवले. खाली जुन्या चपलांचे रबरी तुकडे घातले. भिंतीजवळ सरकवले की आवाज भरतो आणि कोपऱ्यात नेले की नुसता गदारोळ होतो, हे त्यांनी ऐकून ऐकून शोधलं. अमेरिकेतल्या मुलानं खालच्या सुरांसाठी म्हणून एक वेगळा मोठा डबा पाठवला. तो लावल्यावर शेजारच्या भांड्यांसकट सगळं थरथरलं. "हा दुसराच कोणी वाजवतोय," म्हणून त्यांनी तो परत धाडायला लावला.

एक गोष्ट त्यांना चक्रावत असे. एका स्पीकरपाशी कान नेला की डावा हात ऐकू यायचा. दोन्हींच्या मधोमध बसलं की नाहीसा व्हायचा. "मध्यें बसूं नये, असें कोठें असतें की?" त्या विचारायच्या. मी सिरुसेरीच्या आयटी पार्कात संगणकावर काम करणारी. मला यातलं फारसं कळत नव्हतं. मागच्या वायरी एकदा तपासू या, असं मी सुचवलं होतं. "तें त्यांनीं जोडलेंय. हात लावायचा नाहीं," एवढंच उत्तर मिळालं.

पोंगलच्या आधी घराला रंग द्यायला घेतला तेव्हा सगळं हलवणं भाग पडलं. स्पीकर मीच सोडवत होते. उजव्या स्पीकरपाशी थांबले. लाल वायर काळ्या टोकाला होती आणि काळी लाल टोकाला.

"मामी, ही उलटी जोडलीय."

"उलटी म्हणजे काय होतें?"

मी फोनवर शोधून वाचलं आणि सांगितलं. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे बरेचसे राहतात.

मामी रंगवून झालेल्या समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. "पहिल्यापासून?"

"तसंच असणार. नंतर वायरींना कुणी हातच लावला नाही."

त्यांनी दोन्ही वायरी हातात घेऊन पाहिल्या. मग म्हणाल्या, "सेरी, बरें. सरळ कर."

रंग वाळल्यावर आम्ही स्पीकर पुन्हा लावले. मामींनी खुर्ची बरोबर मध्ये ठेवली आणि बसल्या. गाणं संपून मृदंगाचा एकट्याचा भाग सुरू झाला. आधी उजव्या हाताची टणक बोटं, आणि मग खालून, जमिनीतून यावा तसा, तो गोल, भरलेला आवाज. मोठा नव्हता. पण होता, आणि प्रत्येक वेळी नेमक्या जागी येत होता. मामी हलल्या नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी रामचंद्ररावांच्या जुन्या शिष्यांना फोन करून एकेकाला बोलावलं. बँकेत नोकरी करणारे श्रीनिवासन आले. केस पांढरे झालेले. ऐकता ऐकता त्यांचा डावा तळवा मांडीवर पडू लागला. "सर म्हणाले होते, माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "मी ते खरं मानलं, मामी. सोडूनच दिलं."

"मी सांगत होतें त्यांस, तसें नाहीं म्हणून," मामी म्हणाल्या आणि श्रीनिवासनसाठी कॉफी आणायला आत गेल्या.

श्रीनिवासन गेल्यावर मी न राहवून म्हटलं, रामचंद्ररावांना हे एकदा ऐकायला मिळायला हवं होतं.

मामी पेले विसळत होत्या. "ऐकून काय म्हणाले असते, ठाऊक आहे की? आतां स्पीकर बिघडला, म्हणाले असते." त्या हसल्या. मग नळ बंद केला आणि पदराला हात पुसत राहिल्या.

"चाळीस वर्षांत एकदाही हरले नाहींत माझ्याशीं," त्या म्हणाल्या. "एवढें एकदां हरायला पाहिजे होते."