आईला आंघोळ घालताना

आमच्या दिग्रसकडे मयतीच्या घरी नवी बाई आली की घरातल्या लेकीसुनांनी तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायचं असतं. जी रडत नाही तिला दुःख नाही, असं सरळ धरतात. आई गेली त्या सकाळी मी येईल तिच्या गळ्यात पडले. मला ते जमतं. पांढरकवड्याहून आलेली धाकटी बहीण मात्र स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

ती लहानपणापासून अशीच. पाहुणे आले की मागच्या दारी पळायची. शाळेत उत्तर येत असून हात वर करायची नाही. घरचे तिला घुमी म्हणत, शेजारी शिष्ट म्हणत. भित्री म्हणावं तर आईच्या आजारपणात पाठीच्या जखमा तिनंच धुतल्या. मी फक्त पाणी गरम करून द्यायचे. चार लोकांची नजर पडली की मात्र तिला काही सुधरत नाही. तो तिचा स्वभाव आहे.

आत्या बोललीच. "माय मेली अन् पोरीच्या डोयात टिपूस नाही. काहून वं, रडणं सासरी ठेवून आली का?"

दोघीतिघींनी पदराआड हसू दाबलं. बहिणीनं मान खाली घातली. आंघोळीसाठी बायका आईभोवती गोळा झाल्या, तेव्हा मला कळलं की ही त्या गर्दीत शिरणार नाही. आईला शेवटचा हात न लावता राहील.

मी बादली उचलली. "आत्या, सगळ्याजणी बाहेर बसा. आंघोळ आम्ही दोघी घालतो."

असं कोणी करत नाही, लोक नावं ठेवतील, असं आत्या म्हणत राहिली. मी आतून कडी लावली.

दोघींनी मिळून आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. केस विंचरायची वेळ आली तशी बहीण म्हणाली, "ताई, तू तिकडं तोंड कर."

मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. केस ओढले जात नाहीत ना, असं ती आईला विचारत होती. मग बोलणं थांबलं आणि ती रडली, हळू, पण बराच वेळ. मी वळले नाही.

दार उघडलं तेव्हा तिनं चेहरा पुसून घेतला होता. आत्या शेजारणीला म्हणाली, "पाह्य, अजूनबी कोरडीच."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. बहिणीनं माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. मी पुरुषमंडळींना आत बोलावलं.