युद्ध होणार नाही, असं मी म्हणालो होतो

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही, आईला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या सरांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तरी आता हरकत नाही.

नांदेडला मी आंतरराष्ट्रीय राजकारणात संशोधन करत होतो. विषय, पूर्व युरोपातली सुरक्षा. हसू येतं ना? ज्याने हैदराबादच्या पलीकडचं जग पाहिलं नाही, तो युक्रेनच्या सीमेवर पानंच्या पानं लिहीत होता. पण गावाकडे काय रुबाब! कुणाचा मुलगा दुबईला निघाला, की फोन मला — तिकडं काय वातावरण हाय? मीही हवामान खात्याच्या थाटात सांगायचो.

असाच एकदा मामांचा फोन आला. अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांचं खताचं दुकान. त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल. लातूरला क्लास लावूनही इथल्या मेडिकलला तिचा नंबर लागला नव्हता, म्हणून युक्रेनला एमबीबीएस करायचं घाटत होतं. टीव्हीवर मात्र तिथल्या सीमेवर सैन्य जमल्याच्या बातम्या. मामा म्हणाले, "तुमचा तर अभ्यासच हाय त्याचा. तुम्ही म्हणताव तर पाठवतो, न्हाईतर न्हाई."

मला काय वाटत होतं? खरं सांगू — भीती वाटत होती. रोज वाचत होतो, लक्षणं बरी नव्हती. पण माझ्या शेवटच्या प्रकरणात 'मोठं युद्ध संभवत नाही' असं ठामपणे लिहून झालं होतं, त्यावर सरांची शाबासकीही मिळाली होती. धोका आहे म्हणालो असतो, तर ते प्रकरण नव्याने लिहावं लागलं असतं — आणि त्याहून अवघड म्हणजे, 'मला नक्की माहीत नाही' असं म्हणावं लागलं असतं. ते जमलं नाही. म्हणालो, "बिनधास्त पाठवा मामा. युद्ध-बिद्ध काही होत नाही."

मामांनी घरी जाऊन नुसता निर्णय सांगितला. कुणाला विचारून घेतला, हे बायकोला सांगायची त्यांच्या पिढीला सवय नाही. स्नेहल गेली. आणि युद्ध झालं.

इथवरच्याला चूक म्हणा. अंदाज भल्याभल्यांचे चुकले. मी ज्याच्याभोवती इतका वेळ — इतकी वर्षं — घुटमळतोय, ते पुढे आहे.

स्नेहल तिकडे कुठल्याशा तळघरात अडकलेली, फोन लागेना. आम्ही सगळे अहमदपूरला जमलो होतो. मामी भिंतीला टेकून बसलेली. मावशीने मला विचारलं, "तू तर ह्याच्यातच शिकायलास, तुला कळलं न्हाई का रे?" सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. आणि मी — मामांच्या देखत — म्हणालो, "मी तर नकोच म्हणालो होतो."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. त्या भाच्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? ते म्हणाले, "हाव. म्हणले होते. मीच ऐकलो न्हाई."

पोरगी सुखरूप परतली. दुसऱ्या देशात आता शेवटच्या वर्षाला आहे. मीही मागे राहिलो नाही — प्रबंधातलं ते वाक्य काढून 'लक्षणं आधीपासूनच स्पष्ट होती' असं घातलं. तोंडी परीक्षेत दूरदृष्टीबद्दल माझं कौतुक झालं. मामांनी येऊन स्वतःच्या हातांनी मला फेटा बांधला. मी बांधून घेतला.

मामांचं घरातलं वजन मात्र गेलं ते गेलंच. स्नेहलचा विषय निघून त्यांनी तोंड उघडलं, की मामी म्हणते, "तुम्ही नका बोलू. एकदा ऐकला न्हाईत, तेवढं बास झालं." दुकानात आवाज चढवणारा माणूस, घरात गप्प.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला. स्नेहलला उदगीरचं स्थळ आलंय, मामांना ते पसंत नाही. मामी म्हणाली, "तुमच्या मामाचं जाऊ द्या. तुम्ही सांगताव तसं करू."

विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. स्वतःची अशी चीड मला कधी आली नव्हती. मग हे लिहायला बसलो. लाज वाटतेच आहे, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटतंय — दातात अडकलेलं कुसळ निघावं तसं. एवढंच करायचं होतं, तर इतकी वर्षं कशाला घेतली? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बनवूनही सांगणार नाही.

माझं छापून आलेलं मामी शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवते. हेही दाखवेल. तर मामी — मी नको म्हणालो नव्हतो. बिनधास्त पाठवा म्हणालो होतो. मामांनी माझं ऐकलं होतं.