धुऱ्यावरून हाक

जन्म सोडला, तर अमरावतीच्या हॉस्टेलमधल्या माझ्या रूम पार्टनरने आयुष्यात विचारल्याशिवाय काहीही केलेलं नाही. माझी बादली घेताना तो मला विचारायचा. स्वतःची घेतानाही, सवयीने, विचारायचा. मेसमध्ये शेवटची पोळी उचलण्याआधी सगळ्या टेबलांवरून फिरून यायचा, तोवर ती दुसऱ्याने खाल्लेली असायची. गाव भातकुलीकडचं, घरी शेती. "दुसऱ्याच्या वावरात जायचं असन, तं आधी धुऱ्यावरून हाक मारा लागते," हे बांधावरून हाक मारण्याचं एवढं एकच शिक्षण त्याने घरून आणलं होतं.

शेवटच्या वर्षी ते त्याच्या मुळावर आलं. ओपन सोर्सचा नवा विषय होता. कुणीही दुरुस्ती सुचवू शकेल अशा कुठल्याही खुल्या सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करून पाठवायची आणि ते सांभाळणाऱ्याने निकालाआधी ती स्वीकारली, तरच पास. मी कुणाच्या तरी माहितीपत्रात एक स्वल्पविराम घातला आणि पास झालो. याने पावसाचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर निवडलं, त्यातली खरीखुरी चूक शोधली, दुरुस्तही केली. पण पाठवली नाही. ते सांभाळणाऱ्या परदेशी बाईंना पत्र लिहिलं: तब्येत बरी आहे ना, आपल्या कोडमध्ये हात घालू का? उत्तर येईना. त्याला नोकरी लागलेली होती, पण पास झाल्यावरच रुजू व्हायचं होतं.

"पाठवून दे ना बे," मी म्हणालो. "तिथं कोनी विचारत नाही. दार उघडंच हाये."

"दार उघडं हाये म्हून सैपाकघरात जाशीन काय?"

तो नापास झाला आणि नोकरी गेली. मला फार वाईट वाटलं, त्याचा रागही आला. निकालानंतर आठवड्याने बाईंचं उत्तर आलं: आजारी होते, इतक्या वर्षांत तब्येत विचारणारे तुम्ही पहिलेच. जरूर या.

तो त्या कोडमध्ये गेला आणि तिथलाच झाला. पुढच्या वर्षी विषय सुटला. आता बाईंच्या जागी तोच ते सॉफ्टवेअर सांभाळतो, गावात बसून. मी पुण्यात असतो. चार वर्षांत त्याला एक फोन केला नव्हता. परवा कंपनीच्या कामात त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक चूक सापडली, ती मी दुरुस्त करून सरळ पाठवून दिली. तासाभरात ती स्वीकारली गेली. खाली एक ओळ होती: "हाक मारली असती, तं चहा ठेवला असता."

मी त्याखाली लिहिलं, "दिवाळीत घरी येऊ काय?"

उत्तर आलं, "तुले बी विचारा लागते काय?"