डोळ्यांसमोरची पात

नेतृत्वाचे तीन कोर्स करून मी गडचिरोलीच्या जंगलात परत आलो, तेव्हा माझ्या नाकावर माशी बसत नव्हती. पहिल्या कोर्समध्ये गार खोलीत बसवून पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवले होते. दुसऱ्यात दोरावरून लटकवलं, चिखलातून रांगायला लावलं आणि प्रत्येक हुकूम छाती फुगवून ओरडायला शिकवलं. तिसरा नकाशाचा होता आणि त्यात मी पहिला आलो होतो. सावली तालुक्यातल्या धानाच्या शेतातला मी, पण कागदावरच्या रेषा पाहून टेकडी किती उभी आहे ते सांगायचो. सशस्त्र दलात माणसं चालवायला आणखी काय लागतं, असं मला मनापासून वाटायचं.

बारा जणांची टुकडी माझ्या हाती येण्याआधी एकच परीक्षा उरली होती. ती जंगलातल्या प्रशिक्षण तळावर व्हायची आणि घ्यायचे तिथले उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक. हुद्द्यानं हवालदार, म्हणजे माझ्याहून खाली. भामरागडकडचे माडिया आदिवासी, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढे. मला ते ‘साहेब’ म्हणत आणि उभं राहूनच बोलत. सगळा तळ या माणसाला एवढा का मानतो, ते मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं.

परीक्षा ऐकायला सोपी होती. सकाळी टुकडी घेऊन निघायचं, प्रत्येकाच्या पाठीवर सारखं वजन, चार नाले आणि बांबूचं रान ओलांडून दुपारी दोनच्या आत पलीकडच्या रोपवाटिकेशी पोचायचं. पास झालो तर टुकडी माझी. नापास झालो तर टुकडी दुसऱ्याला आणि मी टेबलामागे बसून कागद सरकवणार. लहानपणापासून मला जंगलातली ही नोकरीच हवी होती. तिच्यासाठी मी गावच्या रस्त्यावर पाच वर्षं धावलो होतो.

मी सर्वांच्या पुढे निघालो. नकाशा हातात, पाय झपाझप. दोनला वीस मिनिटं कमी असताना मी रोपवाटिकेच्या कुंपणाला हात लावला आणि मागे वळून पाहिलं तर दहाच जण. उरलेले दोघे अर्ध्या तासानं आले. एक होते टुकडीतले सर्वांत वयस्क जवान, पेन्शन दोन-तीन वर्षांवर आलेले, आणि दुसरा त्यांच्यासाठी मागे थांबलेला. माझा संताप झाला. माझ्या वेळेची यांनी माती केली, एवढंच तेव्हा मनात आलं, हे कबूल करतो.

उस्तादांनी माझा नकाशा उघडूनही पाहिला नाही. त्यांनी विचारलं, दुसऱ्या नाल्यावर कोण पाणी प्यायलं नाही? मला ठाऊक नव्हतं. कोणाच्या बुटाचा तळ सुटलाय? तेही नाही. ते दोघे मागे पडले ते कुठल्या झाडापाशी? मी जरा तापूनच म्हणालो की मी रस्ता पाहत होतो.

“रस्ता त तिथीच रायते, साहेब,” ते शांतपणे म्हणाले. “मानसं हरपतात.”

मी नापास झालो. पंधरा दिवसांनी आणखी एक संधी होती, तीच शेवटची.

पुढचे दहा दिवस उस्तादांनी मला एकही हुकूम देऊ दिला नाही. रोज वेगळा जवान टुकडी चालवायचा आणि मी रांगेत शेवटी. पाणी शेवटी प्यायचं, जेवायलाही शेवटी बसायचं, आणि संध्याकाळी त्यांनी ‘काय दिसलं?’ असं विचारलं की सांगायचं. पहिले दोन दिवस मी ‘काही नाही’ म्हणालो आणि तेच खरं होतं. पाठीमागून दिसतात तरी काय, तर पिशव्या. त्यांच्या गावाची माणसं मोहफुलं वेचायला निघाली की ज्याला जंगल सर्वांत जास्त कळतं तो म्हातारा मागून चालतो, एवढं त्यांनी एकदा सांगितलं. बाकी समजावून सांगणं त्यांना आवडत नसे.

पाचव्या दिवशी त्यांनी मला जे दाखवलं ते मी अजून विसरलो नाही. टुकडी पाण्याला गेली होती. उस्ताद ऐनाच्या झाडाला टेकून, डोळे मिटून बसले होते आणि मला शेजारी बसवलं होतं. पायवाटेवर बुटांचा आवाज आला, तसे ते डोळे न उघडता एकेक जण सांगू लागले. पुढे कोण, त्याच्यामागे कोण, कोणाच्या दोन्ही हातांत कॅन आहेत. माणसं वळणावरून दिसू लागली तर अगदी त्याच क्रमानं. मला वाटलं, हा खेळ आहे. मग ते हळूच म्हणाले, “शेवटचे मोठे भाऊ डावा पाय वाचवून राह्यले. गुडघा आहे.”

तेच वयस्क जवान. मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, मला तर ते सरळ चालताना दिसले. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांच्या मागोमाग चाललो आणि ओल्या मातीतला ठसा पाहिला. उजवा खोल होता, डावा नुसता टेकवलेला. मी नकाशाच्या परीक्षेत पहिला आलो होतो आणि माझ्या पुढ्यातल्या चिखलात लिहिलेलं मला वाचता येत नव्हतं.

गुडघ्याचं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना सामानाच्या कोठीवर बसवलं असतं, आणि सगळी नोकरी जंगलात काढलेल्या माणसाला शेवटची दोन वर्षं कुलपं मोजायची नव्हती. मी उस्तादांना विचारलं, तुम्हाला कळलंय तर तुम्ही वर का कळवत नाही? ते म्हणाले की गुडघा जपला तर भाऊ अजून चालतील, तेवढं आपण पाहून ठेवलंय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाकी थे तुमचं काम आहे, साहेब.”

परीक्षेआधी दोन दिवस सुटी मिळाली. वैनगंगेचा पूल ओलांडून मी घरी गेलो तर घराला कुलूप, कारण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. माझी माय तीस वर्षं रोवण्याच्या बायांची पुढारीण आहे. मी तिला कधी पुढारीण वगैरे म्हटलं नव्हतं. ती कामाला जाते, एवढंच आम्ही म्हणायचो. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या टाकायला मी बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, उतरलो आणि पहिल्यांदाच त्या ओळीकडे नीट पाहिलं.

पंधरा बाया कमरेत वाकून ओळीनं उभ्या, प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे लावायचा पट्टा. धान लावत लावत सगळ्या मागे सरकतात. त्यामुळे जिचा हात धीमा, ती मागे पडत नाही, पुढे राहते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या दिवशी शेजारची एक म्हातारी अशी पुढे राहिली होती. तिच्या डावीकडच्या बाईनं आपला हात लांबवून तिच्या पातीतली दोन रोपं लावली. मग उजवीकडचीनं दोन. गाणं चालूच होतं, कोणी मान वर केली नाही, आणि थोड्या वेळात म्हातारी ओळीत आली. माय टोकाला होती. तिनंही एक शब्द काढला नव्हता. मी हातात पेंढी घेऊन गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिलो. तीन कोर्स करून मी जे शोधत होतो ते माझ्या घरातून रोज डबा घेऊन निघत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्यासाठीच असावी.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवताना मी मायला विचारलं की त्या बायांना मदत करायला कोण सांगतं.

“कोनी सांगाले कायले पायजे? दिसते ना,” ती म्हणाली. मग आवाज खाली घेऊन, म्हातारीकडे न बघता तिनं सांगितलं, “अन् सांगून केलं त तिले लाज वाटन. उद्या येनार नाई.”

परीक्षेच्या दिवशी मी जंगल माहीत असलेल्या एका गोंड जवानाला पुढे ठेवलं आणि मी शेवटी गेलो. माझ्यापुढे वयस्क जवान. पहिल्या नाल्यावर ते पाणी प्यायला वाकले तेव्हा मी त्यांच्या पिशवीतली वायरलेसची जादा बॅटरी काढून माझ्या पिशवीत टाकली. शेजारच्यानं ते पाहिलं. मी काही बोललो नाही, खूण केली नाही. दुसऱ्या नाल्यावर त्यानं त्यांची तांदळाची थैली घेतली. तिसऱ्यापर्यंत तंबूचं कापड गेलं, दोर गेला, आणि पुढचा गोंड जवान मागे न बघता आपली चाल हळूहळू उतरवत आणत होता. त्याला ते कसं कळलं, मला अजून माहीत नाही. बारा माणसं माझ्यापुढे चालत होती, माझा एकही शब्द नव्हता, आणि मी आयुष्यात प्रथमच टुकडी चालवत होतो.

आम्ही सगळे एकत्र पोचलो, पण दोन वाजून अकरा मिनिटांनी. कुंपणाशी उस्ताद उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पिशव्या काट्याला लावल्या. वयस्क जवानाची पिशवी निम्मीही भरली नाही, बाकीच्यांच्या जास्त. नियमानं दोन चुका झाल्या होत्या आणि टेबलामागची खुर्ची मला दिसू लागली.

उस्तादांनी विचारलं, वजन वाटायचा हुकूम कोणी दिला? मी म्हणालो, जबाबदारी माझी. पण टुकडीतून उत्तर आलं की साहेबांनी हुकूम दिला नाही. मग काढलं कोणी? थोडं मी काढलं, असं एक म्हणाला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी उस्ताद वयस्क जवानाकडे वळले आणि तुमचं वजन कुठं गेलं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

त्यांनी एकदा हलक्या झालेल्या पिशवीकडे पाहिलं. “मले मालूम नाई, उस्ताद,” ते म्हणाले. “मी चाललो पूर्न.”

उस्तादांनी कागदावर उशीर लिहिला, वजनाची चूकही लिहिली. एक अक्षर लपवलं नाही. खाली मात्र सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं की टुकडी यांनाच द्यावी. वरच्या अधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली. मी उस्तादांना सलाम केला. हुद्द्यानं तो उलटा होता, पण माझा हात आपोआप वर गेला.

टुकडीला आठवडाभर सुटी मिळाली. मी घरी आलो, सगळ्यांना कागद दाखवला, आणि चौथ्या दिवशी चुलीपाशी बसून मायला सगळी हकिकत रंगवून सांगितली. तिच्या बांधीतून मी काय शिकलो तेही सांगितलं. तिला कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं. ती भाकर उलटत ऐकत होती.

“अन् त्या भाऊचा गुडघा?” तिनं विचारलं.

चार दिवसांत मी पन्नास जणांना फोन केले होते, आणि त्यांना एक नाही. परीक्षा संपली त्या क्षणी तो गुडघा माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता. मायनं तवा उतरवला. मी अंगणात जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला आणि मी बोलायच्या आत घाईनं विचारलं, “साहेब, काई चुकलं का माह्यं?”

“नाई भाऊ,” मी म्हणालो. “माह्यं चुकलं. गुडघा कसा आहे?”